जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर: बदलण्याआधी ओळखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा. १९६८ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिला जोडीने बसणारे दोन एसयू कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे भाग). पुढच्याच्या स्क्रूखाली नंबराची पट्टी आहे, मागच्याला नाही. थंड असताना गाडी बरी चालते, गरम झाली की आयडलिंग वरखाली होतं. प्लग काढून पाहिले तर एक-दोन नंबरचे तपकिरी, तीन-चार काजळलेले. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही काढून टाका, एक वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर) लावा आणि मोकळे व्हा. मालकाला जाणून घ्यायचंय की या गाडीचा योग्य कार्ब्युरेटर कोणता, तो ओळखायचा कसा आणि बसवायचा कसा.

आधी उत्तर देतो, मग कारणं. या इंजिनाला एसयू कंपनीच्या एचएस ४ या दीड इंची कार्ब्युरेटरची जोडी लागते. मागचा बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवरून आलेला आहे, किंवा मूळचाच असला तरी कधीतरी उघडून आत पेट्रोल मोजणारी भलतीच सुई घातली आहे. तिसरी शक्यता म्हणजे कार्ब्युरेटर बरोबर आहे, फक्त आजारी आहे. या तिन्हींचा निकाल लागेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. जुन्या गाड्यांच्या मालकांकडे फडताळात पडलेले जे कार्ब्युरेटर दिसतात, त्यातले बरेचसे बिघडलेले नसतात. ओळख न पटवता बदलून टाकलेले असतात.

तीन-चार नंबरचे प्लग काळे, म्हणजे मागच्या बाजूला पेट्रोल जास्त जातंय, एवढं नक्की. एमजीबीच्या हेडमध्ये चार सिलिंडरना आत जायची तोंडं दोनच आहेत. पुढचा कार्ब्युरेटर एक-दोनला पुरवतो, मागचा तीन-चारला. मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंतच्या नळ्यांच्या भागात) दोघांना जोडणारा बॅलन्स पाइप आहे, त्यामुळे थोडी सरमिसळ होते, पण प्लगचा रंग लपत नाही. मात्र जास्त पेट्रोलची कारणं सुईपलीकडेही असतात, आणि त्यातली दोन फुकटात तपासता येतात.

पहिलं कारण जेटचं, म्हणजे ज्या बारीक भोकाच्या नळीत सुई खालीवर होते तिचं. एचएस मालिकेत चोक ओढला की जेट खाली सरकतं, सुईभोवतीची फट वाढते आणि मिश्रण दाट होतं. चोक परत ढकलल्यावर जेट पूर्ण वर आलं पाहिजे. कित्येकदा ते घाणीने किंवा वाकलेल्या लीव्हरमुळे मध्येच अडकतं. इंजिन बंद करा, चोक आत ढकला, कार्ब्युरेटरच्या खालून जेटचं बूड बोटाने वर दाबा. जरा जरी वर सरकलं, तर तुमचा आजार सापडला. थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर बिघडते हे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं, कारण थंड इंजिनाला दाट मिश्रण हवंच असतं.

दुसरं कारण फ्लोटचं, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याचं. फ्लोट चेंबरचं झाकण काढा आणि फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड झालाय, पातळी वर चढतेय. फ्लोट ठीक असेल तर झाकण उलटं धरा. फ्लोटच्या वजनाने निडल व्हॉल्व्ह बंद होतो, त्या स्थितीत फ्लोटची दांडी आणि झाकणाची कड यांत एक ते दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट असायला हवी. म्हणजे सव्वातीन ते पावणेपाच मिलिमीटर. निडल व्हॉल्व्हच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर तो नवा घाला, वाद घालत बसू नका.

इग्निशनचं मात्र आधी उरकून घ्या. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.०१४ ते ०.०१६ इंच, टायमिंग पुस्तकाप्रमाणे, आणि डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम डब्याची नळी तोंडाने ओढली तर आतली प्लेट सरकते का ते बघणं. डब्याचा पडदा फाटलेला असेल तर गाडी ओढ देत नाही, मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलतो, आणि तिथून पुढे महिनाभर सगळे चुकीच्या जागी शोधत राहतात.

हे सगळं करूनही मागची बाजू दाटच राहिली, तर ओळख पटवायला घ्या.

सुरुवात इंजिनाच्या नंबरापासून

कार्ब्युरेटर गाडीच्या सालावरून ठरत नाही, इंजिनावरून ठरतो. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत मूळचं इंजिन असेलच असं गृहीत धरता येत नाही. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला बाजूला नंबराची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. १८जी आणि १८जीए ही १९६२ पासूनची तीन बेअरिंगची इंजिनं. १९६४ च्या शेवटी पाच बेअरिंगचं १८जीबी आलं, मग १८जीडी, आणि सत्तरच्या दशकात १८व्ही. तुमच्या सालाच्या गाडीत १८जीडी असणं स्वाभाविक आहे. उत्तर अमेरिकेसाठी बनलेली गाडी असेल तर १८जीएफ, आणि त्या गाड्यांवर धूर कमी करायची वेगळी यंत्रणा होती, त्यामुळे कार्ब्युरेटर दिसायला तोच असला तरी आतून वेगळा. पट्टीवर १८व्ही निघालं तर इंजिन नंतरचं आहे, आणि त्या काळात एचएस ४ जाऊन एचआयएफ ४ येऊ लागले होते. १९७५ च्या अमेरिकी मॉडेलांना तर जोडी काढून एकच झेनिथ स्ट्रॉमबर्ग दिला होता. म्हणजे 'एमजीबीचा कार्ब्युरेटर' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू बाजारात आहेत, आणि विकणारा तुम्हाला त्यातली कुठलीही देऊ शकतो.

आता कार्ब्युरेटरकडे. एचएस आणि एचआयएफ लांबूनही ओळखू येतात. एचएसला पेट्रोलची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, बाजूला लटकलेली असते आणि तिच्या तळातून नायलॉनची बारीक नळी जेटकडे जाते. एचआयएफला बाजूची वाटी नसतेच, फ्लोट बॉडीच्या पोटात असतो आणि मिश्रणाचा स्क्रू बाजूने फिरवायचा असतो. साठच्या आधीच्या एच प्रकारात वाटी बाजूला असते, पण ती नायलॉनच्या नळीने नव्हे, थेट बोल्टने बॉडीला जोडलेली.

माप एसयूने फार सोयीचं ठेवलंय. एच आणि एचएसच्या पुढचा आकडा म्हणजे एका इंचावर किती सूत. एचएस २ म्हणजे सव्वा इंच, एचएस ४ दीड, एचएस ६ पावणेदोन, एचएस ८ दोन इंच. नंतर मेट्रिक आलं तेव्हा पावणेदोन इंची मापाचा एचआयएफ ४४ झाला. इंजिनाकडच्या तोंडात कॅलिपर घाला. ३८ मिलिमीटरच्या आसपास आलं तर दीड इंची, ३१.७ आलं तर सव्वा इंची. हे मोजून बघाच, कारण फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

पट्टी ही कार्ब्युरेटरची जन्मपत्रिका. एचएसवर ती बहुधा फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली असते, एचआयएफवर वरच्या घंटेसारख्या डॅशपॉटच्या स्क्रूखाली. तिच्यावर एयूसी किंवा एयूडी अक्षरं आणि आकडा, नंतरच्यांवर एफझेडएक्स. त्या आकड्यावरून त्या संचात कोणती सुई, कोणती स्प्रिंग, कोणतं जेट आणि कोणता निडल व्हॉल्व्ह घालून तो कारखान्यातून निघाला हे कळतं. जोडीला एकच आकडा असतो. तुमच्या पुढच्याची पट्टी जपून ठेवा, कारण मागच्याचीही माहिती तिच्यातच आहे.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. बॉडीच्या ओतकामातही एयूसी-एयूडीने सुरू होणारा नंबर उठावदार असतो. तो फक्त त्या ओतलेल्या धातूच्या तुकड्याचा नंबर. तीच बॉडी कितीतरी गाड्यांना वेगवेगळ्या सुया घालून वापरली गेली. हा नंबर सांगून कार्ब्युरेटर मागवला तर बाहेरून हुबेहूब तोच येईल आणि गाडीला लागू पडणार नाही. दुसरं असं की पट्टीही खोटं बोलू शकते. साठ वर्षांत झाकणांची अदलाबदल झालेली असते, आणि पट्टी झाकणाबरोबर फिरते. म्हणून पट्टी वाचल्यावर आत काय आहे ते पाहायचंच.

आत काय बघायचं

डॅशपॉट काढण्याआधी तो आणि बॉडी यांच्यावर पेन्सिलने एक सरळ रेघ मारा, परत तसाच बसायला हवा. वरचा डँपर काढा, स्क्रू सोडा, घंटा सरळ वर उचला. मग पिस्टनही सरळ वर, अजिबात तिरका न करता, कारण सुई वाकली की संपलं. पुढचा आणि मागचा डॅशपॉट-पिस्टन एकमेकांत मिसळू देऊ नका. प्रत्येक पिस्टन त्याच्या घंटेसाठी जुळवलेला असतो, फट केसाइतकी असते. एका ट्रेमध्ये दोन्ही ओतून साफ करणारा माणूस दिसला तर त्याच्या हातातून ट्रे काढून घ्या.

एसयूत हवेच्या ओढीने पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून बाहेर सरकते. आयडलिंगपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत सगळं मोजमाप ही एक सुईच करते. म्हणून सुईचं अक्षर हा एसयूचा सगळ्यात महत्त्वाचा तपशील. ते सुईच्या जाड दांड्यावर बारीक कोरलेलं असतं. बाजूचा स्क्रू सैल करून सुई काढा, दांडा पुसा आणि भिंगातून बघा. एमजीबीला सुरुवातीच्या वर्षांत एमबी, नंतर ५, आणि साठच्या दशकाच्या शेवटाकडे एफएक्स या सुया होत्या. या ताठ सुया. त्यानंतर स्प्रिंगवर एका बाजूला कललेल्या सुया आल्या, त्यांची नावं तीन अक्षरी असतात. ताठ सुईच्या जागी कललेली सुई नुसती खोचता येत नाही, तिच्यासाठी पिस्टनही वेगळा लागतो. तुमच्या दोन कार्ब्युरेटरमध्ये एक ताठ आणि एक कललेली निघाली, तर मागचा परका आहे याचा आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

अक्षर झिजून गेलं असेल तर मायक्रोमीटर घ्या. सुई खांद्यापासून दर एका सुतावर मोजतात आणि प्रत्येक सुईचे आकडे एसयूच्या तक्त्यांमध्ये छापलेले आहेत. फरक इंचाच्या हजाराव्या भागात असतो, पण गाडीला तो कळतो. मधल्याच मापांत सुई बारीक निघाली तर आयडलिंग छान आणि रस्त्यावर काळा धूर, असा प्रकार घडतो. झिजही इथेच सापडते. सुईच्या एका अंगाला चकचकीत पट्टा दिसला तर ती जेटला घासतेय. तेव्हा सुई आणि जेट दोन्ही बदला. जेटचं भोक दीड इंचीत ०.०९० इंच, त्याहून मोठ्यांत बहुतेक ०.१००, दोन इंचीत ०.१२५. भोक लंबगोल झालं असेल तर नवी सुई घालून काही उपयोग नाही.

पिस्टनवरच्या स्प्रिंगच्या टोकाला रंगाचा ठिपका असतो. निळी अडीच औंसाची, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. एमजीबीला लाल. जोडीत एक लाल आणि एक पिवळी असेल तर पिवळीवाला पिस्टन कमी उचलला जाईल, त्याच्यातून हवा कमी आणि पेट्रोलचा हिशेबच वेगळा, मग दोघांचं सूर जुळवणं विसरा. काही जण मुद्दाम स्प्रिंग ओढून लांब करतात किंवा कापतात. तसली दिसली तर टाकून द्या, नवी फार मोठी वस्तू नाही.

फ्लोट चेंबर ज्या रबरी तुकड्यावर बसतो त्याला कोन असतो, आणि हे कोन वेगवेगळे येतात, कारण सगळ्या इंजिनांवर कार्ब्युरेटर सारखाच कललेला नसतो. दुसऱ्या गाडीचा एचएस ४ आणून लावला तर वाटी तिरकी लटकते आणि पातळी बिघडते. समोरून बघितलं की लगेच दिसतं: दोन्ही वाट्या उभ्या हव्यात. त्याचबरोबर जोडीतला पुढचा आणि मागचा एकसारखे नसतात. चोक आणि थ्रॉटलचे लीव्हर आरशातल्यासारखे उलटसुलट असतात, आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्युमची नळी दोघांपैकी एकालाच जोडायची असते. म्हणून 'एक एचएस ४ द्या' असं कधी मागू नका. पुढचा की मागचा, कोणत्या पट्टीचा, तेही सांगा.

दुसऱ्या घराण्यांचे

तुमच्याकडे एमजीबी आहे, पण हे वाचणाऱ्यांकडे दुसऱ्या गाड्या असतील, म्हणून चार शब्द. झेनिथ स्ट्रॉमबर्ग सीडी हा एसयूचा चुलतभाऊ. घंटेऐवजी रबरी पडदा, आणि १५० म्हणजे दीड इंच, १७५ म्हणजे पावणेदोन. तो बिघडला म्हणून बदलायला निघालेल्यांनी आधी पडदा उजेडासमोर धरावा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पिस्टन उचलत नाही.

वेबरवर सगळं बॉडीच्या फ्लँजवर ठोकलेलं असतं. ४० डीसीओई १८ यात ४० हे थ्रॉटलच्या भोकाचं मिलिमीटर, डीसीओई हा दोन घशांचा आडवा प्रकार, आणि शेवटचा आकडा त्या विशिष्ट आवृत्तीचा. शेवटचा आकडा बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथेच फसतात. ३२/३६ डीजीव्हीत आधी उघडणारा घसा ३२ चा, मागून उघडणारा ३६ चा. त्याचाच डीएफव्ही हा उलट हाताचा भाऊ आहे, थ्रॉटलचा लीव्हर भलत्या बाजूला येतो. वेबरची आणि सोलेक्सची जेटं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, १४० म्हणजे १.४० मिलिमीटर. वेबरच्या इमल्शन ट्यूबचे (पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या नळीचे) एफ ११, एफ ५० वगैरे आकडे मात्र कुठल्याही क्रमाने नाहीत, मोठा आकडा म्हणजे दाट मिश्रण असा अंदाज बांधू नये.

फोक्सवॅगन बीटलच्या सोलेक्सवर ३० पिक्ट किंवा ३४ पिक्ट असं लिहिलेलं असतं. ३४ पिक्ट ३ बरोबर नुसत्या वजनांवर चालणारा, व्हॅक्युम नसलेला डिस्ट्रिब्युटर लावला की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर मरगळते. लोक या खोटेपायी कार्ब्युरेटरमागून कार्ब्युरेटर बदलतात. दोष जोडीचा असतो, कार्ब्युरेटरचा नव्हे.

अमेरिकी गाड्यांत रोचेस्टर क्वाड्राजेटवर सात आकडी नंबर ठोकलेला असतो. ७०२९ ने सुरू होणारा १९६९ चा, ७०४१ ने सुरू होणारा १९७१ चा. १९७६ पासून पुढे एक अंक वाढतो, १७०५६ वगैरे. होलीवर चोकच्या मनोऱ्यावर 'लिस्ट' आणि आकडा असतो, जसं लिस्ट १८५० म्हणजे ६०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा). कार्टरची पट्टी एसयूसारखीच स्क्रूखाली, आणि तशीच हरवलेली. या गाड्यांना मोठा कार्ब्युरेटर लावायचा मोह फार. हिशेब साधा आहे: इंजिनाचे लिटर गुणिले जास्तीत जास्त आरपीएम गुणिले ०.०१७७, आणि साध्या इंजिनासाठी त्याचे ८५ टक्के. ५.७ लिटरचं इंजिन ५५०० आरपीएमला या हिशेबाने पावणेपाचशेच्या आसपास सीएफएम मागतं. त्यावर ७५० लादला तर खालच्या वेगात हवेची ओढच कमी पडते आणि पेट्रोल नीट फुटत नाही. दोन घशांच्या आणि चार घशांच्या कार्ब्युरेटरचे सीएफएम थेट ताडून बघू नका. पहिल्यांचा आकडा तीन इंच पाऱ्याच्या दाबफरकाला मोजतात, दुसऱ्यांचा दीड इंचाला. दोन घशांचा ५०० हा चार घशांच्या मापाने साडेतीनशेच भरतो.

मग वेबर का नको

वेबर वाईट नाही. एमजीबीवर ४५ डीसीओई बसवलेल्या चांगल्या गाड्या आहेत. पण तो लावायचा म्हणजे त्याचं मॅनिफोल्ड, थ्रॉटलची वेगळी जोडणी, वेगळा एअर फिल्टर, व्हॅक्युम कुठून घ्यायचं हा नवा प्रश्न, आणि त्यानंतर चोक ट्यूब, मेन जेट, एअर जेट, इमल्शन ट्यूब, आयडल जेट हे सगळं इंजिनाशी जुळवणं. ज्याला एका सुईचं अक्षर वाचायचा कंटाळा आलाय, तो हे पाच तुकडे जुळवत बसेल का, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. रोजच्या वापराच्या, कॅम न बदललेल्या इंजिनाला एचएस ४ ची जोडी पुरून उरते.

नवा घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, हे स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची झडप फिरवणारा दांडा, ठरवतो. थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरून वरखाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर तिथून बेहिशेबी हवा आत शिरतेय. खात्रीसाठी इंजिन थंड असताना, चालू ठेवून, स्पिंडलच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा. आयडलिंग बदललं तर गळती आहे. कधी नुसता नवा स्पिंडल पुरतो, कारण तो बॉडीपेक्षा आधी झिजतो. बॉडीचं भोकच मोठं झालं असेल तर ०.०१० इंच जाड स्पिंडल घालून रीमर मारावा लागतो किंवा बुश बसवावे लागतात. हे लेथवाल्याचं काम आहे, घरच्या ड्रिलने करायचं नाही. बॉडी चिरलेली नाही, पिस्टन-घंटा जुळलेली आहेत, तर दुरुस्तीच करा. तुमचा मागचा परका निघाला तरी त्याची बॉडी दीड इंची आणि त्याच हाताची असेल, तर योग्य सुई, स्प्रिंग, जेट आणि कोनाचा रबर घालून तो घरचा होऊ शकतो. लीव्हर उलट्या हाताचे निघाले तरच दुसरा शोधा, आणि वापरलेला घेताना शक्यतो पट्टीसकट पूर्ण जोडी घ्या.

बसवताना

मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला जाड काळा ठोकळा वगळू नका. तो उष्णता अडवतो. तो नसला की गरम इंजिन बंद केल्यावर वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी परत सुरू व्हायला छळते. त्याच्या दोन्ही बाजूंना नवीन गॅस्केट हवीत, सिलिकॉनची लांबी लावू नये. फ्लँजचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने कसले की फ्लँज वाकते आणि नवी गळती तयार होते. जुनी फ्लँज काचेवर ठेवून डोलते का बघा.

पेट्रोलचा दाब मोजा. एसयू आणि आडव्या वेबरला तीन पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास पुरे, होलीला पाच ते सात लागतो. कोणीतरी पूर्वी जोरदार इलेक्ट्रिक पंप बसवला असेल, तर निडल व्हॉल्व्ह रोज हार खाणार आणि दोष कार्ब्युरेटरवर येणार.

डॅशपॉटमध्ये एसएई २० चं तेल घालतात, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या टोकापासून साधारण चार सूत वरपर्यंत. जाड तेलाने पिस्टन हळू उचलतो आणि ॲक्सिलरेटर दाबताना मिश्रण दाट होतं, तेल आटलं तर उलट गाडी अडखळते. ताठ सुई असेल तर जेट मध्यावर आणावं लागतं. पिस्टन बोटाने उचलून सोडला की पुलावर (जेटचं तोंड ज्यात उघडतं त्या बॉडीच्या सपाट भागावर) आपटल्याचा स्पष्ट 'टक्' आवाज यायला हवा, जेट वर असताना आणि खाली असतानाही. खाली असताना स्पष्ट आणि वर असताना बोथट आवाज आला तर जेट एका बाजूला आहे. मोठा नट सैल करून पुन्हा जुळवा. हा आवाज एकदा कानात बसला की मीटर लागत नाही.

सुरुवातीची मांडणी अशी: दोन्ही जेटं पुलाच्या पातळीला सपाट आणायची, मग खालचा नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा कडा, खाली. दोन कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या दांड्यांच्या क्लॅम्प सैल करून इंजिन गरम करा. आधी हवा सारखी करायची, मीटरने किंवा रबरी नळीचं टोक कानाला लावून दोन्हींचा फुसफुसाट ऐकून. मग मिश्रण. पिस्टन उचलायची पिन पाव सूतभर वर करा. इंजिनाचा वेग चढला आणि चढलेलाच राहिला तर दाट, इंजिन पडलं तर पातळ, किंचित चढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. एका बाजूचा नट एका वेळी एक कड फिरवायचा. बॅलन्स पाइपमुळे एकाचं केलं की दुसऱ्याचं थोडं हलतं, तेव्हा दोन-तीन वेळा इकडून तिकडे करावंच लागतं. शेवटी क्लॅम्प आवळा आणि चोक केबलला थोडी ढील ठेवा.

आजच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, आणि ही कार्ब्युरेटरं त्यासाठी बनलेली नाहीत. शुद्ध पेट्रोलला वजनाने हवा १४.७ पट लागते, दहा टक्के इथेनॉल असलं तर १४.१ च्या आसपास, म्हणजे तीच सुई किंचित पातळ चालवते. नट एखादी कड खाली घेऊन भागतं. अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर गाडी भुकेली वाटली तर एक पायरी दाट मिश्रण देणारी सुई शोधावी लागते. जुन्या रबरी सील आणि पडदे इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात, म्हणून किट घेताना त्याला टिकणारं रबर आहे का ते विचारा. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाट्या रिकाम्या करून ठेवा.

नवं बसवल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून, इंजिन थंड झाल्यावर, फ्लँजचे नट एकदा बघा, गॅस्केट दबलेली असतात. मग मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं एका वेगाने चालवून इंजिन बंद करा आणि प्लग काढा. आयडलिंगवर ठेवून काढलेल्या प्लगवरून काही ठरवू नका, ते नेहमी काळेच दिसतात. चारही तपकिरी-करडे आले तर काम झालं. तीन-चार अजूनही काळे निघाले तर सुईकडे परत जाण्याआधी मागच्या वाटीतली पातळी आणि जेट पूर्ण वर येतंय का हे पुन्हा एकदा बघा.